चिमूटसाठी बाबागाडी

उंच क्रेनवर बसणाऱ्या त्या माणसाला साइटवर सगळे मखमल म्हणत. नाव चेष्टेत पडलं होतं, पण खोटं नव्हतं. टोकावरच्या काचेच्या खोलीत बसून तो लोखंडी तुळया, सिमेंटच्या तयार भिंती, काचांचे गठ्ठे उचलायचा आणि खाली असे टेकवायचा, की धप्प असा आवाज कधी कुणी ऐकला नाही. हेलकावे खाणारं ओझं शांत कसं करायचं हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. ते ज्या बाजूला जातं त्या बाजूला आपणही थोडं जायचं, की ते आपसूक थांबतं. बायको म्हणायची, "तिकडे मखमल असशील, घरी मात्र कप विसळायला दिला की कान तुटलाच म्हणून समजावं."

अशा माणसाला मुलगी झाली ती वेळेच्या फार आधी. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. त्या दिवशी तिनं एक काच अर्धी घासून ठेवली, पोट धरून उठली आणि तशीच हॉस्पिटलात गेली. संध्याकाळपर्यंत मुलगी जगात आलेलीही होती.

मखमलनं तिला पहिल्यांदा पाहिलं ते काचपेटीत. पाहिलं म्हणजे काय, आधी त्याला वाटलं पेटी रिकामीच आहे. नळ्या होत्या, तारा होत्या, एक लोकरी टोपी होती. मग टोपीखाली काहीतरी हललं. तो वाकला. कातडी इतकी पातळ होती की आतल्या शिरा कागदापलीकडे ठेवलेल्या दोऱ्यांसारख्या दिसत होत्या. कान अजून घडीतून उलगडायचे होते. पाठीवर पीच फळासारखी लव होती. आणि या सगळ्यात नखं! पायाच्या करंगळीलासुद्धा पुरेपूर, नीट कापून बसवल्यासारखं नख होतं. एवढी घाईघाईत आलेली पोर, पण नखं विसरली नव्हती. तो त्या नखाकडे बघतच राहिला. टनावारी ओझी उचलणारा तो माणूस तिथून हलेना, तेव्हा सिस्टरनं स्टूल पुढे सरकवलं.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनंच तिला चिमूट हे नाव दिलं. "मिठाची चिमूट," ती म्हणाली. "दिसायला एवढीशी, पण हिनं रडून दाखवलं नाही तर आमच्या ड्यूटीला चव नाही."

पुढचे कित्येक आठवडे दोघांचं जगणं त्या वॉर्डाभोवती फिरत होतं. कोपरापर्यंत हात धुवायचे, कपड्यांवर झगा चढवायचा, पेटीपाशी बसायचं. काही दिवसांनी सिस्टरनं चिमूटला उचलून मखमलच्या उघड्या छातीवर ठेवलं. त्याला वाटलं होतं, वजन जाणवेल. वजन जाणवलंच नाही. जाणवली ती ऊब, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत. त्यानं श्वास आखडून धरला तेव्हा सिस्टर म्हणाली, "बाबा, तुम्ही श्वास घ्या. तुमचा ऐकून ती घेते." तो घाबरून मोठमोठे श्वास घेऊ लागला आणि बायकोला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं.

पण घरात मात्र बाळाची एक वस्तू नव्हती. झबलं नाही, दुपटं नाही, खुळखुळा नाही. ठरवून काही झालं नव्हतं. शेजारची पेटी एका सकाळी रिकामी दिसली होती. चादर बदललेली, दिवा बंद. त्या पेटीवर वाकून गाणी म्हणणारे आईबाप पुन्हा दिसले नाहीत. त्या दिवसापासून लहान मुलांच्या दुकानावरून जाताना बायको रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मखमलही मुकाट्यानं तिच्या मागे ओलांडायचा.

आणि मग एक दिवस डॉक्टर येऊन सहज म्हणाले, "आता तयारीला लागा. नेऊ या हिला घरी."

डॉक्टर पुढच्या पेटीकडे गेले. बाकीचं सिस्टरनं समजावलं. नाकातली ऑक्सिजनची नळी अजून काही महिने राहणार होती. बरोबर एक छोटा सिलिंडर लागणार होता, घरी आणि बाहेरही. "त्याला घाबरायचं नाही," ती म्हणाली. "दुखऱ्या पायाला काठी असते ना, तसं समजा. पाय बरा झाला की काठी सुटते. आता एक बाबागाडी बघून ठेवा. तपासणीला यावं लागेल, बाहेरची हवा लागेल. गाडी अशी हवी की बाळ सपाट झोपलं पाहिजे. हनुवटी छातीला टेकली की हिचा श्वास अडतो. सिलिंडर गाडीतच बसला पाहिजे, नळीवर ताण यायला नको. आणि हादरे कमी."

"गाडी नंतर बघू," बायको म्हणाली. "आधी बाहेर येऊ दे तिला."

"अगं बाई, बाहेर येणार कशात? पिशवीत घालून नेणार आहेस?"

बायकोनं पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि चिमूटच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

घरी मखमलची सासू येऊन राहिली होती. सासूबाईंनी उभा जन्म टेलिफोन खात्यात काढला होता, आणि ते सुद्धा परगावच्या खरखरणाऱ्या लाइनींवर. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाशीही त्या समुद्रापलीकडे बोलावं तशा बोलत. बातमी ऐकताच त्या कडाडल्या, "अगं मग बसलीस काय? ऊठ! जावईबापू, चला. गाडी घ्यायला बाळ लागत नाही, बाळाएवढं काहीतरी लागतं." आणि त्यांनी स्वयंपाकघरातून साखरेची पिशवी आणली. काट्यावर ठेवून थोडी साखर कमी केली, पुन्हा ठेवली, पुन्हा थोडी घातली. चिमूटचं वजन नातेवाइकांत सगळ्यांना पाठ होतं. मग पिशवी टॉवेलात गुंडाळून वर गाठ मारली. त्या गाठीला डोकं म्हणायचं ठरलं.

"आई, हा काय वेडेपणा," बायको म्हणाली.

"वेडेपणा तर वेडेपणा. मोकळी गाडी कुणीही ढकलेल."

सिस्टरनं एक रिकामा सिलिंडर त्यांना दिला होता. तो मखमलनं काखेत मारला. सासूबाईंनी साखर घेतली. बायको मोकळ्या हातांनी निघाली, पण निघाली.

दुकानाचं दार उघडताच नव्या रबराचा आणि कोऱ्या कापडाचा वास आला. लांबच लांब दालन, आणि त्यात बाबागाड्याच बाबागाड्या. घडीच्या, छत्रीच्या, जुळ्यांच्या, एकावर एक मजला चढवलेल्या. दुकान चालवणाऱ्या ताई चष्मा कपाळावर ढकलून पुढे आल्या.

"या. बाळ केवढं आहे?"

साधाच प्रश्न होता. रोज पन्नास वेळा विचारत असतील. पण बायकोनं मखमलकडे पाहिलं.

"तसं बघितलं तर काही महिन्यांचं आहे," तो म्हणाला. "आणि तसं बघितलं तर अजून जन्मायचंय. डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढच्या आठवड्यात आहे."

ताईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांनी सिलिंडरकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या हातातल्या गाठोड्याकडे.

"म्हणजे यायच्या आधीच येऊन बसलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बघा तरी! अशा पाहुण्याला चांगलीच गाडी हवी." आणि त्यांनी हातातली किमतीची चिठ्ठी खिशात टाकली आणि बाह्या वर केल्या.

पहिल्या दोन गाड्या बसक्या निघाल्या. पाठ कितीही मागे केली तरी सपाट होईना. तिसरी सपाट झाली, पण सिलिंडर ठेवायला खाली जागाच नव्हती. ताई म्हणाल्या, हँडलला पिशवीत घालून अडकवता येईल. मखमलनं तसं अडकवून पाहिलं आणि गाडीत निजवलेलं साखरेचं गाठोडं उचललं. गाडी सिलिंडरसकट मागे उलटली.

"अरे देवा!" सासूबाई असा काही ओरडल्या, की दुकानातल्या सगळ्या माना वळल्या.

चौथी गाडी सासूबाईंना पसंत पडली. चार चाकं, रुंद बैठक, कशी भक्कम! त्यांनी गाठोडं आत निजवलं, वर पातळ चादर घातली आणि ऐटीत दालनात एक फेरी मारली. जाड भिंगांच्या चष्म्याचे एक आजोबा आपल्या सुनेबरोबर उभे होते, ते गाडीवर वाकले.

"वा! झोपलंय वाटतं?"

"साखर आहे हो," सासूबाई म्हणाल्या.

"असणारच," आजोबा कौतुकानं म्हणाले. "या वयात सगळी साखरच असतात."

ताई तोंडावर हात धरून मागे वळल्या. मखमल हसू दाबायला गेला आणि त्याला खोकला आला. आणि बायको हसली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता तिनं गाडीतून गाठोडं उचललं. तेव्हा मखमलला दिसलं, की तिचा एक हात आपोआप त्या गाठीखाली गेला आहे. टॉवेलाची गाठ, पण तिनं ती मान सावरावी तशी सावरली होती. तिलाही ते कळलं. हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं पाणी वेगळं झालं.

"ती खरंच येणार आहे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तिलाही सांगता आलं नसतं. "घरी. आपल्या घरी."

ताईंनी एक पेला पाणी आणून दिलं. बायको अर्धं प्यायली. उरलेल्या अर्ध्या पेल्याकडे मखमलचं लक्ष गेलं आणि त्याला त्याच्या धंद्यातली गोष्ट सुचली.

"ताई, कुठे खडबडीत जागा आहे का?"

दुकानामागे एक अंगण होतं. जुन्या दगडांची फरशी, मध्ये गटाराचं जाळीदार झाकण, कडेला उंचवटा. मखमलनं सासूबाईंच्या चारचाकीत साखर निजवली, साखरेशेजारी सपाट जागा करून पेला ठेवला आणि गाडी ढकलली. दुसऱ्याच दगडावर पाणी उसळलं. झाकणावर चाक आलं तेव्हा पेला आडवा झाला आणि टॉवेल भिजला.

"बिचारीला आंघोळ घातलीत," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज पडलेला होता.

मग ताईंनी आतून एक गाडी आणली. पिवळी, तीन चाकांची. मागे दोन मोठी, पुढे एक. टायर हवेचे, सायकलीला असतात तसे, आणि मागच्या चाकांच्या वर जाड स्प्रिंगा.

"हिचं एक चाक चोरीला गेलंय," सासूबाईंनी निकाल दिला.

"आई, तीन चाकं असली की जमीन कशीही असो, तिन्ही टेकतात," मखमल म्हणाला. "चौथं आलं की कुठलं ना कुठलं तरी अधांतरी राहतं. ते आपटतं तेव्हाच हादरा बसतो. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगताना पाहिलंय?"

"स्टुलाला कुणी रस्त्यावरून पळवत नाही."

"त्याही बरोबर बोलतायत," ताई म्हणाल्या. "मी विकणारी असले तरी सांगते. दगडधोंड्यांवर हिच्यासारखी दुसरी नाही. पण वळणावर घाई केलीत तर ही एका अंगावर कलते. चारचाकी तेवढी कलत नाही."

मखमलनं पेला भरून घेतला. दगडांवरून गाडी गेली. पाणी पेल्याच्या कडेपर्यंत चढलं, उतरलं, थरथरलं, सांडलं नाही. झाकणावरून गेली, तरी सांडलं नाही. त्यानं वळून पुन्हा नेली. आपल्या हातांखाली ती स्प्रिंग कशी दबते आणि कशी सावकाश वर येते हे त्याला कळत होतं. दगडाचा धक्का चाकाला लागत होता, चाक तो स्प्रिंगला सांगत होतं, आणि स्प्रिंग तो गिळून टाकत होती. वर बाळापर्यंत नुसती एक झुळूक पोचत होती. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं, पण इतक्या लहान वस्तूत हे सगळं कुणीतरी बसवून ठेवलंय याचा त्याला अचंबा वाटला.

मग त्यानं वळणाची परीक्षा घेतली. मुद्दाम जोरात वळवली. गाडीचं एक मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. ताई म्हणाल्या होत्या ते खरं होतं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, आणि बायकोचा चेहरा पांढरा पडला.

"नको," ती म्हणाली. "ही नको."

"थांब जरा," मखमल म्हणाला. त्याला वाटलं, काहीतरी राहतंय. क्रेन इतकी उंच, एका बाजूला एवढा लांब हात, तरी ती पडत नाही. कारण दुसऱ्या बाजूला वजन असतं आणि बूड जड असतं. इथे बूड हलकं होतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. सिलिंडर अजून दाराशीच पडला होता. तो उचलून त्यानं बैठकीखालच्या टोपलीत, दोन मोठ्या चाकांच्या बरोबर मध्ये आडवा सरकवला आणि पट्ट्यानं आवळला.

"रिकामा आहे, तरी केवढा जड," ताई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा गाडी जोरात वळवली. चाक उचललं नाही. आणखी जोरात वळवली. चाक जमिनीला धरून राहिलं.

बायको पुढे झाली. तिनं त्याच्या हातून गाडी घेतली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, अंगणाच्या टोकाला नेऊन गर्रकन फिरवून आणली. काच घासताना ती जशी ओठ आत घेऊन बघते, तशी बघत होती. मग ती गुडघ्यांवर बसली आणि टोपलीतल्या त्या सिलिंडरवर तिनं हात ठेवला. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती त्या वस्तूकडे सरळ बघतही नव्हती. घरी आणला तेव्हा त्याच्यावर तिनं ओढणी टाकून ठेवली होती.

"मला वाटत होतं, हा तिच्या गळ्यातला धोंडा आहे," ती म्हणाली. "आणि हा तर तिला धरून ठेवतोय."

सासूबाईंनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातल्यासारखी फेरी मारली. पुढचं चाक बोटानं दाबून पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "तीन तर तीन."

चिमूट घरी यायची ती सकाळ उजाडली. साइटवर मखमलनं सुट्टी मागितली तेव्हा मुकादम म्हणाला होता, "आज तुझ्या हातून ओझं उचलून घेणं धोक्याचंच आहे. जा."

वॉर्डात सिस्टरनं भिंतीतली नळी काढली आणि सिलिंडरची जोडली. बारीकसा फुस्स आवाज आला. सगळे बरोबर न्यायच्या छोट्या यंत्रावरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत राहिले. आकडा जरा खाली गेला, घुटमळला, वर आला. सिस्टरनं मान डोलावली. मग बायकोनं चिमूटला उचलून पिवळ्या गाडीत निजवलं. गाडी केवढी आणि ती केवढी! मोठ्या अंगणात कुणी एक मोगऱ्याचं फूल ठेवावं तशी ती त्यात दिसत होती. पण मान सरळ होती, आणि नळी सैल होती.

लिफ्टनं खाली आले. लांब बोळ. सिस्टर दारापर्यंत पोचवायला आली होती. हॉस्पिटलचं काचेचं दार आपोआप सरकलं आणि गाडीचं पुढचं चाक उंबऱ्याबाहेर गेलं.

आणि वारा आला.

फार मोठा नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाच्या तो लक्षातही आला नसेल. पण चिमूटच्या तोंडावर तो आला आणि तिचा श्वास थांबला. चेहरा आक्रसला, दोन्ही हात पडता पडता काहीतरी धरावं तसे हवेत फेकले गेले. यंत्र ओरडायला लागलं. मखमलनं हँडल इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी झाली. बायको गाडीवर झेपावली. सासूबाईंच्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, आवाज फुटला नाही.

"थांबा," सिस्टर म्हणाली. "हात लावू नका. वारा आहे तो."

"काय?"

"वारा हो. हिला कुठे ठाऊक आहे वारा?"

तेवढ्यात चिमूटनं श्वास घेतला. मोठा, खोल, त्या एवढ्याशा छातीत मावेल असं वाटणार नाही असा. मग दुसरा. यंत्र गप्प झालं. हात हळूहळू खाली आले. आणि तिनं डोळे उघडले.

मखमल खाली वाकला. आत्तापर्यंत त्याला हे सुचलंच नव्हतं. एवढे महिने ही मुलगी जगात होती आणि तिनं जग पाहिलंच नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एक छत, पांढरी ट्यूब, हातमोज्यांचे हात. वारा नाही, ऊन नाही, झाड नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. आभाळाखाली ती आज, आत्ता, या पायरीवर पहिल्यांदा आली होती. आणि तो रोज त्या आभाळात चढून बसायचा, डबा खायचा, जांभया द्यायचा!

दाराशेजारी एक झाड होतं. त्याची पानं हलत होती आणि त्यांच्यामधून ऊन गाडीच्या टपावर, चादरीवर, चिमूटच्या गालावर सांडत होतं, सरकत होतं, परत येत होतं. तिचे डोळे त्याच्यामागून जात होते.

"झाड बघतेय," मखमल कुजबुजला.

"झाड नाही दिसायचं तिला इतक्यात," सिस्टर म्हणाली. "उजेड हलतोय, तेवढं कळत असेल." ती जरा थांबली. इतकी वर्षं त्या वॉर्डात काढलेली बाई, पण तिचाही आवाज बदलला. "आमच्या इथे उजेड कधी हलत नाही."

कितीतरी वेळ ते चौघं पायरीवरच उभे होते. लोक वळसा घालून जात होते. एका बाईनं "जरा वाट द्या" म्हटलं, मग गाडीत डोकावून पाहिलं आणि आपणच बाजूला झाली. शेवटी सिस्टर म्हणाली, "चला, निघा आता. मला आत खूप काम आहे." आणि निघताना तिनं वाकून चिमूटच्या तळपायावर एक बोट टेकवलं. "परत येऊ नकोस हं. तपासणीला ये. राहायला येऊ नकोस."

टॅक्सीनं जायचं ठरलं होतं, पण बायको म्हणाली, "चालत जाऊ. बघू दे तिला." ते चालत निघाले. मखमल ढकलत होता. फूटपाथच्या कडा, उखडलेल्या फरशा, नळाच्या खोदाईचे उंचवटे. कधी नव्हे ते सगळे त्याला दिसत होते, आणि प्रत्येक ठिकाणी हातांखालची स्प्रिंग दबून सावकाश वर येत होती. चिमूट एकदा जांभई देऊन पुन्हा जागी झाली. ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा ती दचकली, आणि दोन शाळकरी मुली हसत गेल्या तेव्हा तिनं कान दिल्यासारखा चेहरा केला. "ऐकलंस? त्या पोरी आहेत," बायको सांगत होती. "तो पाव भाजल्याचा वास. ती भिंत. ते काही नाही, उगीच उडालेला कागद आहे." जगातली एकेक वस्तू ती तिला दाखवत चालली होती, आणि मखमलला वाटत होतं, की त्यालाही ती आजच दाखवली जात आहे.

घरी पोचेपर्यंत चिमूट झोपली होती. तिला उचलून पाळण्यात ठेवायचा कुणाला धीर होईना. गाडी तशीच बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहिली आणि तिघं तिन्ही बाजूंना खुर्च्या ओढून बसली.

पुढचं सगळं काही सरळसोट झालं नाही. एकदा सर्दी झाली आणि पुन्हा तीन दिवस हॉस्पिटल बघावं लागलं. बायकोनं महिनाभर नीट झोप घेतली नाही. सासूबाई जायला निघाल्या आणि बॅग भरून पुन्हा राहिल्या. पण नळी गेली. एका तपासणीला डॉक्टरांनी ती काढली ती परत लावलीच नाही, आणि सिलिंडर ज्याचा त्याला परत गेला. चिमूट बाळसं धरून अशी गुबगुबीत झाली, की नाव बदलावं का अशी घरात चर्चा सुरू झाली.

पण त्या पहिल्या दुपारी यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. तिघं नुसती बसून होती. सिस्टरनं सांगितलं होतं, की कुणी जागं राहून समोर बसलेलं असेल तेव्हा यंत्र बंद ठेवलं तरी चालेल. बायकोनं कितीदा तरी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. मग तिनं ते दाबलं. हिरवा आकडा विझला.

खोली शांत झाली. वॉर्डात कधीच शांतता नसायची. तिथे सदैव काहीतरी गुणगुणत, टिकटिकत असायचं. आधी त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मखमल पुढे झुकला. सासूबाईंनी पदर कानामागे घेतला.

मग तो आवाज आला. नाकातल्या नळीच्या बारीक फुसफुशीमागे दुसरा एक, त्याहून हलका. आत जाताना किंचित घासणारा, बाहेर येताना सुटा. दोनदा भरभर, मग एक थांबा, मग एक लांब. त्याला ताल नव्हता, घाई नव्हती. एवढ्या महिन्यांत तिच्या श्वासाचे आकडे त्यांनी पाहिले होते, रेघा पाहिल्या होत्या. श्वास कुणी ऐकला नव्हता.

"हा तिचा आहे?" सासूबाईंनी विचारलं, इतक्या हळू, की ओठांवरूनच कळलं.

बायकोनं मान डोलावली. तिनं मखमलचा हात घेतला आणि गाडीच्या कडेवर ठेवला, स्वतःचा त्याच्यावर ठेवला. कापडातून ती एवढीशी हालचाल त्यांच्या तळव्यांपर्यंत येत होती. सासूबाईंनी खुर्ची न वाजवता पुढे सरकवली आणि तिसरा हात त्यावर आला.

खाली कुणीतरी गाणं गुणगुणत जिना चढत होतं. ते दारावरून पुढे गेलं, वरच्या मजल्यावर कुलूप उघडल्याचा आवाज आला. चिमूटनं झोपेत एक उसासा टाकला, म्हाताऱ्या माणसासारखा, आणि पुन्हा आपलं काम सुरू केलं.